कादंबरी, चरित्र आणि कागद : मराठीतला लोकप्रिय स्त्री-इतिहास

मराठी वाचकाला स्त्रियांचा इतिहास शाळेच्या पुस्तकातून फारसा कळलेला नाही. तो त्याने चरित्रांतून, आत्मकथनांतून आणि त्याहीपेक्षा जास्त कादंबऱ्यांतून मिळवला. तालुक्याच्या गावच्या वाचनालयातही ‘आनंदी गोपाळ’ आणि ‘स्मृतिचित्रे’ यांच्या प्रती हाताळून मऊ झालेल्या सापडतात. या पुस्तकांनी निदान चार पिढ्यांच्या मनात एकोणिसाव्या शतकातली बाई उभी केली. ती कशाच्या आधारावर उभी केली, कोणत्या बायका त्यात आल्या आणि कोणत्या राहून गेल्या, यावर गेली चाळीस-पन्नास वर्षं चर्चा चालू आहे. ती आज कुठवर आली आहे, हे पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

सुरुवात

1889 साली काशीबाई कानिटकरांनी डॉ. आनंदीबाई जोशींचं चरित्र प्रसिद्ध केलं. मराठीत एका स्त्रीने दुसऱ्या स्त्रीचं लिहिलेलं हे अगदी आरंभीचं चरित्र. आनंदीबाईंना जाऊन तेव्हा जेमतेम दोन वर्षं झाली होती. काशीबाईंनी चरित्राला आनंदीबाईंच्या पत्रांचा आधार दिला, आणि पुढे आनंदीबाईंवर लिहिणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला या पुस्तकाकडे परतावं लागलं. त्याआधी सात वर्षं, 1882 मध्ये, बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांची ‘स्त्रीपुरुष तुलना’ पुण्यात छापली गेली होती. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला भ्रूणहत्येच्या आरोपावरून फाशीची शिक्षा झाली, ती पुढे काळ्या पाण्यावर आली, आणि त्या निमित्ताने वृत्तपत्रांतून स्त्रीजातीवर जी टीका झाली तिला ताराबाईंनी उत्तर दिलं. महात्मा फुल्यांनी ‘सत्सार’मध्ये त्यांची बाजू घेतली. त्यानंतर मात्र पुस्तक विस्मृतीत गेलं, ते सुमारे नव्वद वर्षं तिथेच राहिलं.

लोकप्रिय चरित्राची दुसरी वाट राण्यांची. द. ब. पारसनीसांचं झाशीच्या राणीचं चरित्र 1894 चं. राणी, वीरांगना, साध्वी या साच्यातली पुस्तकं तेव्हापासून आजपर्यंत अखंड निघत आहेत. तिसरी वाट आठवणींची : रमाबाई रानड्यांच्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ (1910), पार्वतीबाई आठवले यांची ‘माझी कहाणी’ (1928), लक्ष्मीबाई टिळकांची 1934 पासून भागाभागाने आलेली ‘स्मृतिचित्रे’, बाया कर्व्यांचं ‘माझे पुराण’ (1944). या लेखिका इतिहास लिहायला बसल्या नव्हत्या. पुढच्या लोकप्रिय इतिहासाने मात्र आपलं बहुतेक सामान यांच्याच घरून आणलं.

या आधाराचा परिणाम काय होतो, हे रमाबाई रानड्यांच्या बाबतीत फार स्पष्ट दिसतं. त्यांच्या आठवणी 1901 पाशी, पती न्यायमूर्ती रानड्यांच्या मृत्यूपाशी, थांबतात. 1904 ची मुंबईतली भारत महिला परिषद, जिच्या त्या अध्यक्ष होत्या, पुण्याचं सेवासदन, मुलींच्या सक्तीच्या शिक्षणासाठी त्यांनी घेतलेली भूमिका, हे सगळं त्यानंतरचं. रमाबाई 1924 पर्यंत जगल्या. तरी वाचकाच्या मनातली रमाबाई म्हणजे रात्री दिव्यापाशी बसून नवऱ्याकडून अक्षरं शिकणारी लहान मुलगी. 2012 साली ‘उंच माझा झोका’ ही मालिका घरोघरी पाहिली गेली आणि ते चित्र आणखी पक्कं झालं. ते खोटं नाही. पण एका कर्त्या बाईची शेवटची तेवीस वर्षं, म्हणजे ज्यांत तिने स्वतःच्या नावाने काम केलं ती वर्षं, त्या चित्रात मावत नाहीत.

कादंबरीचा अंमल

1960 नंतर हे क्षेत्र मुख्यतः कादंबरीकडे गेलं. रणजित देसाई यांची ‘स्वामी’ 1962 ची, श्री. ज. जोशी यांची ‘आनंदी गोपाळ’ 1968 ची, ना. सं. इनामदारांची ‘राऊ’ 1972 ची. यांतली एकही कादंबरी स्त्रियांचा इतिहास म्हणून लिहिलेली नाही. तरी थोरल्या माधवरावांच्या रमाबाई, मस्तानी आणि आनंदीबाई जोशी या तिघी सामान्य वाचकाला भेटल्या त्या याच पुस्तकांतून.

कादंबरीच्या बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणं नीट ऐकण्यासारखं आहे. बायकांच्या आयुष्यातलं जे महत्त्वाचं ते दप्तरात नोंदलंच जात नाही, असं ते सांगतात. माजघरातलं बोलणं, बाळंतपण, सासुरवास, विधवेचं कोनाड्यातलं जिणं यांची खतावणी कोणी ठेवत नव्हतं. फक्त कागदावर विसंबलं तर मुलूख जिंकणारे पुरुष उरतील आणि बाया गळून पडतील. कल्पनेने ती जागा भरणं ही कादंबरीकाराची जबाबदारी, आणि त्यातून निदान कुतूहल तरी जागतं. ‘आनंदी गोपाळ’ वाचूनच पुढे आनंदीबाईंच्या पत्रांचा शोध घेणारे वाचक निर्माण झाले, हेही खरं आहे.

आक्षेप दोन प्रकारचे आहेत. पहिला प्रामाणिकपणाचा : रचलेला संवाद आणि मिळालेला पुरावा एकाच पानावर, एकाच सुरात येतात, आणि वाचकाला सांधा दिसत नाही. दुसरा अधिक खोल आहे, तो दृष्टीचा. ‘स्वामी’ थेऊरला रमाबाईंच्या सती जाण्यापाशी पोचते, आणि ते सारं दांपत्यप्रेमाचा कळस म्हणून वाचकाच्या मनात उतरतं. 1772 साली पेशव्यांच्या घरातल्या विधवेपुढे दुसरी कोणती वाट होती, तिच्यावर कोणाची नजर होती, हे प्रश्न त्या भारावलेपणात मागे पडतात. ‘आनंदी गोपाळ’मध्ये आनंदीबाईंचे पती गोपाळराव यांचं विक्षिप्त, हट्टी, प्रेमळ व्यक्तिमत्त्व इतकं रंगलं आहे की आनंदीबाई त्यांच्या प्रयोगाचं फळ वाटू लागतात. प्रत्यक्षात 1883 मध्ये बंगालमधल्या श्रीरामपूरच्या कॉलेजच्या सभागृहात उभं राहून, आपण अमेरिकेला का जात आहोत, हे त्यांनी स्वतः इंग्रजीत जमलेल्या लोकांना सांगितलं होतं. लहानपणी सोसलेल्या मारहाणीबद्दल त्यांनी अमेरिकेतून खुद्द गोपाळरावांनाच लिहिलं. ते पत्र ज्याने वाचलं आहे त्याला कादंबरीतला गोपाळ पूर्वीसारखा वाचता येत नाही. 2019 च्या त्याच नावाच्या चित्रपटानंतर ही चर्चा नव्या पिढीत पुन्हा झाली.

माझं मत इथे सांगून टाकतो. ‘आनंदी गोपाळ’ ही चांगली कादंबरी आहे आणि तिने एका विसरल्या गेलेल्या बाईला परत आणलं. दोष असेल तर तो त्या कादंबरीलाच इतिहास मानून थांबणाऱ्या आपल्या वाचनसवयीचा आहे.

कागदाकडे वळण

1975 हे आंतरराष्ट्रीय महिला वर्ष. त्याच वर्षी स. गं. मालशे यांनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ पुन्हा प्रकाशात आणली. स्त्रीचळवळीला अचानक एक पूर्वज मिळाली, आणि तीही मऊ बोलणारी नव्हे. या घटनेचं महत्त्व एका पुस्तकापुरतं नाही. विसरलेलं छापील साहित्य शोधून काढणं हेच स्त्री-इतिहासाचं काम होऊ शकतं, हे तिने दाखवलं. 1980 नंतर मथुरा बलात्कार खटल्यावरून उठलेल्या आंदोलनामुळे ‘आपल्या आधी कोण लढलं होतं’ हा प्रश्न कार्यकर्त्या बायका मोठ्याने विचारू लागल्या, आणि त्याची उत्तरं देणाऱ्या पुस्तकांना वाचक मिळाला.

मा. गो. माळी यांनी सावित्रीबाई फुल्यांचं चरित्र लिहिलं आणि 1988 मध्ये त्यांच्या संपादनाखाली सावित्रीबाईंचं समग्र वाङ्मय आलं. मोहिनी वर्दे यांनी डॉ. रखमाबाईंचं चरित्र दिलं. प्रतिभा रानड्यांनी ‘स्त्रीप्रश्नांची चर्चा : एकोणिसावे शतक’ या पुस्तकात वर्तमानपत्रं, खटले, सभा यांतून त्या काळचा वादच वाचकापुढे मांडला. एका व्यक्तीऐवजी एका चर्चेचं चरित्र लिहावं, ही कल्पना मराठीत तेव्हा ताजी होती. विनया खडपेकरांनी अहिल्याबाई होळकरांवर लिहिताना देवघरातल्या पुण्यश्लोक प्रतिमेच्या पलीकडची राज्यकर्ती शोधली. ही प्रतिमा घडवण्यात 1823 साली मध्य हिंदुस्थानावर लिहिणाऱ्या जॉन माल्कमचाही मोठा हात होता. 2025 मध्ये अहिल्याबाईंच्या जन्माला तीनशे वर्षं झाली तेव्हा त्यांच्यावर पुस्तकांचा पूर आला. त्यांत साध्वी किती आणि प्रशासक किती, हे तपासण्यासारखं आहे.

या टप्प्यातलं सर्वांत जिद्दीचं काम मला अंजली कीर्तने यांचं वाटतं. ‘डॉ. आनंदीबाई जोशी : काळ आणि कर्तृत्व’ या 1997 च्या ग्रंथासाठी त्यांनी अमेरिकेत जाऊन कागद शोधले. आनंदीबाईंच्या अस्थी न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी इथे कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत आहेत, तिथपर्यंत त्या माग काढत गेल्या. हा ग्रंथ जाड आहे, संदर्भांनी भरलेला आहे आणि तरी वाचनीय आहे. लोकप्रिय इतिहास आणि पुरावा यांचं वैर असतं, हा समज या एका पुस्तकाने खोटा ठरवला. दुःख एवढंच की त्याचा वाचकवर्ग कादंबरीच्या तुलनेत फार लहान राहिला.

रखमाबाई आणि आनंदीबाई एकाच काळातल्या, दोघी डॉक्टर झाल्या. 1884 मध्ये दादाजी भिकाजीने नांदायला येण्यासाठी रखमाबाईंवर दावा लावला. 1885 मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी तो फेटाळला. अपिलानंतर 1887 मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी, नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा हुकूम दिला. रखमाबाईंनी तुरुंगाची तयारी दाखवली. पुढे 1888 मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. 1891 च्या संमतिवयाच्या कायद्यामागच्या वादळात हा खटला मोठा होता. लंडनहून शिकून आल्यावर त्यांनी सुरत आणि राजकोट इथे कित्येक वर्षं वैद्यकी केली आणि 1955 पर्यंत जगल्या. इतकं सगळं असूनही घराघरात पोचली ती आनंदीबाईंची गोष्ट. आनंदीबाईंच्या गोष्टीत लग्न टिकतं आणि ती अकाली, एकविसाव्या वर्षी संपते. रखमाबाईंच्या गोष्टीत बाई लग्नाला नकार देते, कित्येक वर्षं काम करते आणि नव्वदीपार जगते. लोकप्रियतेचा कौल पहिलीकडे गेला, यात वाचकांच्या मनाविषयी बरंच काही आहे.

‘आम्हीही’

1989 साली उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचं ‘आम्हीही इतिहास घडवला’ आलं. त्याच वर्षी हैदराबादच्या स्त्री शक्ती संघटनेचं, तेलंगणातल्या सशस्त्र लढ्यात उतरलेल्या बायकांच्या मुलाखतींचं इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झालं. दोन्ही पुस्तकं लढ्यातल्या बायकांना शोधत त्यांच्या दारापर्यंत गेली.

पवार आणि मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या म्हाताऱ्या झालेल्या बायकांना गाठलं, त्यांच्या घरी बसून त्यांचं ऐकलं, आणि त्याला वर्तमानपत्रं व परिषदांच्या नोंदींची जोड दिली. जुलै 1942 मध्ये नागपूरला झालेल्या दलित महिला परिषदेला पंचवीस हजारांच्या आसपास बाया आल्या होत्या, सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या, आणि तिथे विवाह, घटस्फोट, संततिनियमन यांवर ठराव झाले. एरवीच्या सुधारणेच्या इतिहासात ही परिषद एका ओळीतही येत नव्हती. नागपुरात दलित मुलींसाठी शाळा चालवणाऱ्या जाईबाई चौधरी यांचं नावही या पुस्तकामुळेच अनेकांना कळलं.

त्याच सुमारास आत्मकथनं आली : कुमुद पावडे यांचं ‘अंतःस्फोट’, मुक्ता सर्वगोड यांचं ‘मिटलेली कवाडे’, शांताबाई कांबळे यांचं ‘माज्या जल्माची चित्तरकथा’, बेबी कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’, आणि पुढे 2003 मध्ये उर्मिला पवार यांचं ‘आयदान’. बेबीताईंनी फलटणच्या आपल्या दुकानात बसून, घरच्यांपासून लपवून लिहिलं, आणि ते लिखाण कित्येक वर्षं झाकून ठेवलं. या पुस्तकांनी लोकप्रिय स्त्री-इतिहासाला एक अवघड प्रश्न विचारला. ‘मराठी स्त्री’ म्हणून जी आजवर सांगितली गेली, ती कोणाच्या घरातली? केशवपन, बालविधवा, पुनर्विवाह हे मुख्यतः ब्राह्मण आणि काही वरच्या जातींतले प्रश्न. पाटाची, म्हणजे पुनर्लग्नाची, चाल असलेल्या, शेतात आणि रस्त्यावर राबणाऱ्या, पाण्यासाठी दूर उभं राहावं लागणाऱ्या बाईचा एकोणिसाव्या शतकाचा इतिहास वेगळा होता. सावित्रीबाईंच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मातंग मुलीने 1855 मध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये मांग-महारांच्या दुःखावर लिहिलेला निबंध या वेगळ्या इतिहासाचा सर्वांत जुना दाखला आहे.

शर्मिला रेगे यांनी 2006 मधल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात या आत्मकथनांना साक्ष म्हणून वाचलं. ही एका व्यक्तीची कैफियत नाही, समूहाच्या इतिहासाचा पुरावा आहे, ही त्यांची मांडणी. हे मत आता बऱ्यापैकी रुजलं आहे. दुसरी बाजूही आहे, आणि ती केवळ विरोधकांची नाही. आठवणीला तारखा नसतात, सांगणारी बाई काही गोष्टी गाळते, काही पुढच्या अनुभवाच्या उजेडात पाहते, म्हणून तोंडी कथनाला कागदाची जोड लागते, असं काही अभ्यासक सांगतात. पवार-मून यांनी स्वतः ती जोड दिली होती, त्यामुळे त्यांच्या पुस्तकापुढे हा आक्षेप तितका टिकत नाही.

सावित्रीबाई, फातिमा आणि पुराव्याचा प्रश्न

सध्या सर्वांत तापलेला वाद इथे आहे. सावित्रीबाईंबद्दल एका पिढीपूर्वी फारसं कोणी वाचत नव्हतं. आज त्यांच्यावर शेकडो पुस्तकं आहेत, 2014 पासून पुणे विद्यापीठाला त्यांचं नाव आहे, 3 जानेवारीला, त्यांच्या जन्मदिनी, शाळांतून भाषणं होतात. हा बदल फार मोलाचा आहे. पण एवढ्या पुस्तकांमागचा मूळ आधार लहान आहे : 1854 चा ‘काव्यफुले’, नंतरचा दुसरा काव्यसंग्रह, जोतीरावांना लिहिलेली 1856, 1868 आणि 1877 ची तीन पत्रं, आणि समकालीनांच्या काही नोंदी. 1868 चं पत्र विलक्षण आहे. ब्राह्मण मुलगा आणि महार मुलगी यांच्या प्रेमावरून गाव दोघांना मारायला उठलं तेव्हा सावित्रीबाई मध्ये पडल्या, त्याची ती हकिकत. 1877 चं पत्र जुन्नर भागातल्या दुष्काळाचं. या तीन पत्रांतली कर्ती, निर्णय घेणारी बाई बहुतेक छोट्या चरित्रांत येत नाही. तिथे शेणगोळे झेलणारी आणि साडी बदलणारी सावित्रीच पुन्हा पुन्हा येते.

1856 च्या पत्रात फातिमा या सहकारी स्त्रीचा उल्लेख आहे. तो थोडक्यातला आहे, पण स्पष्ट आहे. त्याभोवती फातिमा शेख यांचं एक पूर्ण चरित्र, जन्मतारखेसकट, गेल्या काही वर्षांत समाजमाध्यमांवर आणि पुस्तिकांत उभं राहिलं. मग जानेवारी 2025 मध्ये एका हिंदी लेखकाने, ही व्यक्ती आपणच कल्पिली होती, असा दावा केला. पत्राकडे बोट दाखवून अनेक अभ्यासकांनी तो फेटाळला. एक बाजू म्हणते, नाव असलेली बाई होती, एवढं पुरेसं आहे. मुस्लिम स्त्रियांच्या शिक्षणाच्या इतिहासात तिची जागा आता काढून घेऊ नये. दुसरी बाजू म्हणते, पत्रातली फातिमा आणि नंतर रचलेलं चरित्र यांत फरक केलाच पाहिजे. मला दोन्ही बाजू एकत्र मान्य करता येतात. पत्रातल्या फातिमेला नाकारण्याचं कारण नाही. तिच्याविषयी पत्रापलीकडे जे लिहिलं गेलं, त्याचा आधार दाखवण्याची जबाबदारी लिहिणाऱ्यांची.

जे अजून सुटलेलं नाही

पंडिता रमाबाईंवर उमा चक्रवर्ती आणि मीरा कोसंबी यांनी, ताराबाई शिंद्यांवर रोझालिंड ओ’हॅनलन यांनी, रखमाबाईंच्या खटल्यावर सुधीर चंद्र यांनी केलेलं मोठं काम इंग्रजीत आहे. मूळ साधनं कितीतरी मराठीतली, निष्कर्ष इंग्रजीत, आणि मराठी वाचकापर्यंत परत येणारा वाटा थोडा. करुणा गोखले यांचं ‘बाईमाणूस’, मंगला आठलेकर यांचं ‘महर्षी ते गौरी’ अशा पुस्तकांनी विचारांचा इतिहास सोप्या भाषेत आणला आहे. अशी आणखी हवीत.

दुसरी उणीव विषयांची आहे. लोकप्रिय पुस्तक पदवीपाशी नाहीतर पुनर्विवाहापाशी थांबतं. मालमत्तेचा हक्क त्यात जवळजवळ नसतोच. 1937 चा देशमुख कायदा, 1951 मध्ये हिंदू कोड बिलाच्या निमित्ताने डॉ. आंबेडकरांनी दिलेला राजीनामा, 1994 मध्ये महाराष्ट्राने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत दिलेला वाटा, या सगळ्याचा एक सलग, माणसांनी भरलेला इतिहास लिहिण्यासारखा आहे. हक्कसोड पत्रावर सही करणाऱ्या बहिणींचाही. कामकरी बाईचंही तसंच. मुंबई इलाख्याचा प्रसूतीलाभ कायदा 1929 चा, देशातला पहिला. पण गिरण्यांतल्या ज्या बायांसाठी तो झाला त्यांचं जगणं नीरा आडारकर आणि मीना मेनन यांच्या गिरणगावावरच्या मुलाखतींच्या ग्रंथासारख्या मोजक्याच ठिकाणी ऐकू येतं.

तिसरी गोष्ट साधनांची. अठराव्या शतकातल्या सामान्य बाईविषयी पुस्तकं नाहीत, याचं कारण कागद नाहीत असं नेहमी सांगितलं जातं. पेशवे दप्तरात कुणबिणींच्या खरेदी-विक्रीचे, व्यभिचाराच्या आरोपांचे, पुनर्विवाहाच्या परवानग्यांचे, विधवांच्या वतनाच्या तंट्यांचे कागद आहेत. ते मोडीत आहेत. इतिहासाच्या पदवी अभ्यासक्रमात मोडी सक्तीची नाही, आणि मोडी वाचता येणारे जे थोडे लोक आहेत त्यांच्यापैकी बहुतेकांचं लक्ष राजकारणाच्या आणि लढायांच्या पत्रांकडे असतं. त्यामुळे अठराव्या शतकाची बाई म्हटलं की आजही लोकप्रिय पुस्तकाच्या मुखपृष्ठावर राणीच येते, आणि पुण्याच्या कोतवालाच्या चावडीपुढे उभ्या राहिलेल्या बाईचा जबाब रुमालात बांधलेला राहतो.